पायधुळीच्या फरश्या

९ नोव्हेंबर, रविवार. कार्तिक वद्य पंचमी.

आज विश्वस्त मंडळाच्या बैठकीत माझी एकोणीस वर्षांची सेवा सात-आठ मिनिटांत काढून घेण्यात आली. हा शब्दप्रयोग अध्यक्ष नानासो यांना मान्य होणार नाही. त्यांच्या मते मला विश्रांती देण्यात आली आहे.

"आवं गुरुजी, सत्त्याहत्तर वय झालं तुमचं," ते सर्वांसमक्ष म्हणाले. "उकिडवं बसून खरडत बसायचं वय हाय का ह्ये? गरम पाण्याचं मशीन येतंय. दत्तजयंतीच्या आत समदं अंगण लख्ख!"

राग शांत व्हावा म्हणून सारे क्रमाने लिहितो. आमच्या पेठेतील दत्तमंदिराचे अंगण रस्त्याला लागून आहे. त्यात शहाबादी फरश्या आहेत, एकूण त्र्याहत्तर, आणि प्रत्येकीवर एका दिवंगताचे नाव कोरलेले आहे. घरातले माणूस गेले की ऐपत असेल त्याने एक फरशी मंदिराला द्यावी, तिच्यावर त्या माणसाचे नाव घालावे आणि ती पायांखाली बसवावी, म्हणजे देवाकडे जाणाऱ्यांची पायधूळ त्या नावावर पडत राहते, अशी येथील रीत आहे. नम्रतेचा याहून सुंदर संस्कार मी कोठे वाचलेला नाही, आणि मी पुष्कळ वाचले आहे.

समोरच्या इमारतीत बारावीच्या शिकवण्या सुरू झाल्या आणि मुले आमच्या कठड्यावर बसू लागली. ती च्युइंगम चघळतात आणि वर्गाची वेळ झाली की बसल्या जागी टाकून जातात. ते तुडवले जाते, काळे पडते आणि दगडावरच्या चामखिळीसारखे होऊन बसते. संस्कृतच्या अध्यापनातून मी निवृत्त झालो त्या वर्षी एका पहाटे पोलादी पटाशी घेऊन पहिला ठिपका खरवडला. तेव्हापासून स्नानसंध्या आटोपून रोज तासभर ही सेवा घडते. अक्षरांच्या खाचांत शिरलेला गम पटाशीच्या कोपऱ्याने कोरून काढावा लागतो. दरमहा मी पटाशीला धार लावून आणतो. अलीकडे काम बरेच सोपे झाले आहे. खाचा उथळ झाल्याने गम आत अडकत नाही. ही मी महाराजांची कृपाच समजतो.

आणि आता मशीन.

१२ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिक वद्य अष्टमी.

यंत्र आले. एका लहान टेम्पोवर पाण्याची टाकी, तिच्या शेजारी डिझेलवर तापणारा एक लोखंडी बंब, त्याला लांब काळी नळी आणि नळीच्या टोकाला बंदुकीसारखा दांडा. दांडा हाती धरून जो गृहस्थ उतरला तो जयराज. कोरेगावच्या बागाईतदार घरातला. माझा विद्यार्थी. नववीला त्याला संस्कृतात पस्तीस गुण होते आणि त्यांतील चार माझ्या दयेचे होते. पुढे सैन्यात गेला, नायब सुभेदार होऊन परतला. त्याने भर रस्त्यावर वाकून पायांवर डोके ठेवले. मी आशीर्वाद दिला, परंतु माझे लक्ष बंबाकडे होते.

जे पाहिले ते पक्षपात न करता लिहितो. दांड्याचे तोंड तो फरशीपासून वीतभर वर धरतो. वाफाळते पाणी त्या काळ्या ठिपक्यावर पडते. चार-पाच श्वास तो स्थिर उभा राहतो. ठिपका मऊ पडतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि तो आपणहून सुटून पाण्याबरोबर निघतो. गटाराच्या तोंडाशी जयराजने जाळी लावली आहे, तीत ते सारे गोळा होते. अकरा वाजेपर्यंत जाळीत ओंजळभर गम जमला होता. एवढा गम काढण्यास मला दोन महिने लागले असते.

सायंकाळी पाच वाजता माझे प्रवचन असते. सध्या विषय निष्काम सेवा. रोज चौदा श्रोते येतात. आज तीन होते. त्यांतील एकास ऐकू येत नाही, दुसरे झोपले होते आणि तिसरे पुजारी, ज्यांना गाभाऱ्याला कुलूप लावायचे होते. बाकीचे अकरा अंगणात उभे राहून पाणी पाहत होते. मध्येच त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकोणीस वर्षांत माझ्या पटाशीला कोणी टाळी वाजवली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

मला जयराजचा मत्सर वाटत नाही. हे लिहून ठेवणे आवश्यक वाटले.

सौ. म्हणाली, "अहो, जेवताना चार वेळा त्याचं नाव घेतलंत."

मी म्हणालो, "यंत्राविषयी बोलत होतो."

"यंत्राला मिशा असतात का? मिशांबद्दल बोललात तुम्ही."

१५ नोव्हेंबर, शनिवार. कार्तिक वद्य एकादशी.

उपवास. पहाटे नेहमीपेक्षा अर्धा तास आधी अंगणात गेलो. दक्षिणेकडील फरश्या अद्याप धुतलेल्या नव्हत्या. जयराज येण्यापूर्वी निदान सहा तरी माझ्या हातून स्वच्छ व्हाव्यात, अशी इच्छा होती. चार झाल्या. घाईत पटाशी दोनदा घसरली आणि अंगठ्याला लागले.

सात वाजता तो आला. अंगठ्यावरचे रक्त पाहून त्याने टेम्पोतील पेटीतून पट्टी काढली आणि स्वतःच्या हाताने बांधली. ती झिडकारणे असभ्यपणाचे झाले असते.

मी म्हणालो, "एवढ्या जोराचे पाणी दगडास अपाय करीत असेल."

"जोर न्हाईच लावत, गुरुजी," तो म्हणाला. "प्रेशर लय कमी ठेवलंय. गम गरमीनं सुटतो, जोरानं न्हाई. जोर लावला तर दगुड उलतो. फौजेत आमच्या सायबानं सांगितलेलं, जुन्या वस्तूला हात लावायच्या आधी तिचा फोटो काढायचा. म्या समद्या फरश्यांचं फोटो काढल्यात, पयल्याच दिशी."

"कशासाठी?"

"सवय हाय." मग माझ्या पटाशीकडे पाहून म्हणाला, "ह्यानं काढत होता व्हय तुमी? एकोणीस वर्सं?"

"होय."

पटाशी उचलून त्याने तिच्या धारेवरून बोट फिरवले आणि जपून खाली ठेवली. त्या मौनात कौतुक असावे असे मी गृहीत धरले, आणि कौतुक त्याच्याकडून आल्यामुळे ते मला रुचले नाही.

मत्सर हा सहा शत्रूंपैकी शेवटचा सांगितला आहे. शेवटचा म्हणून तो दुर्बल असेल असे मी तरुणपणी समजत असे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा.

आज राहीबाई आली. माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडे तिची वाडी. नवरा येथे साताऱ्याच्या बाजारात हमाली करीत असे आणि रात्री या मंदिराच्या ओट्यावर निजत असे. तो गेल्यावर तिने मेंढरे विकून त्याच्या नावाची फरशी दिली. ती कठड्याच्या अगदी पायथ्याशी, शेवटच्या ओळीत आहे. दरवर्षी या तिथीला राहीबाई एसटीने येते, फरशीवर झेंडूचे फूल ठेवते आणि मला म्हणते, "वाचा, गुरुजी."

तिला अक्षर येत नाही, आणि नवऱ्याचे नाव ती जिभेवर घेत नाही. तिच्या मुलुखातील जुन्या बायका अजून ते पाळतात. मी मोठ्याने वाचतो. ती डोळे मिटून ऐकते. वर्षातून एकदा नवऱ्याचे नाव तिच्या कानांवर पडते ते माझ्या आवाजात. प्रवचनाला चौदा जण बसतात, परंतु ज्याला खरोखर ऐकायचे असते असा श्रोता मला वर्षातून हा एकच लाभतो.

आज तिने फूल ठेवले, "वाचा" म्हणाली आणि मी म्हटले, "कैलासवासी भागूजी मायाप्पा दडस."

डोळे मिटूनच तिने या वेळी प्रथमच दगडावर हात फिरवला. एकदा, दोनदा. मग डोळे उघडले.

"आवं गुरुजी, तुमी कुठनं वाचताय? हितं बोटाला तर काय लागंना."

मी खाली पाहिले. फरशी ओली, राखाडी, स्वच्छ होती. तिच्यावर गमाचा एकही ठिपका नव्हता आणि नावही नव्हते. 'भा'चा काना तेवढा उरला होता, तोही पुसट. मी न पाहता वाचले होते. किती वर्षे मी असा न पाहता वाचत आलो आहे, हा विचार त्या क्षणी आला आणि मी तो दूर सारला.

"कुणी पुसलं ह्ये?" राहीबाईने विचारले.

जयराज आठ-दहा हातांवर दांडा खाली टेकवून उभा होता. माझी दृष्टी त्याच्याकडे गेली.

"यंत्राने," मी म्हणालो. "गरम पाण्याच्या माऱ्याने अक्षरे झडली."

ती ताडकन उठली. "मुडद्या! माझ्या धन्याला दुसऱ्यांदा मारलंस की रं! गाढवाच्या, तुला आय न्हाई का? हात झडतील तुझं!" रस्त्यावरची माणसे थांबली. ती बराच वेळ बोलत राहिली, आणि ते सारे येथे लिहिण्याजोगे नाही.

जयराजने बंब बंद केला, डोक्यावरची टोपी काढली आणि उभा राहून ऐकून घेतले. एकदा बोलण्यासाठी तोंड उघडले, फरशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तोंड मिटले. त्याच्या पाहण्यात काय होते ते मला उमगले नाही. अपराधाची जाणीव असावी.

२३ नोव्हेंबर, रविवार. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया.

मी दोन पानी निवेदन दिले. हस्ताक्षर उत्तम आले होते. त्यात पूर्वजांच्या नावांचे पावित्र्य, यंत्रांचा अविवेक आणि हस्तसेवेची महती असे तीन भाग पाडले होते. नानासोंनी ते मोठ्याने वाचले आणि दोन ठिकाणी अडखळले, तरी परिणाम झाला.

"बोल की रं गड्या," ते जयराजला म्हणाले. "तुझं काय म्हणणं हाय?"

"माझं काय म्हणणं न्हाई," जयराज म्हणाला. "गुरुजी म्हणत्यात तर तसंच."

काम बंद करण्याचा ठराव झाला. पुजाऱ्यांनी सांगितले की मिरजेच्या एका रुग्णालयाचे आवार धुण्याचे काम जयराजला मिळायचे होते. येथील बातमी तेथे पोहोचली आणि त्यांनी त्याला येऊ नको म्हणून कळवले. त्या कामाच्या भरवशावर त्याने दुसरा बंब सांगून ठेवला होता म्हणे.

मी हळहळलो. सायंकाळी तेरा श्रोते आले. रात्री जेवण दुप्पट गेले. सौ. ताटाकडे पाहत होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

पहाटे पटाशी घेऊन पुन्हा अंगणात गेलो. मन प्रसन्न होते. कठड्याखाली मुलांनी टाकलेले तीन ताजे ठिपके होते, जणू माझ्यासाठीच ठेवलेले.

अंगणाच्या उत्तर टोकाला चपला ठेवण्याची लोखंडी मांडणी आहे. ती माझ्या निवृत्तीच्याही आधीपासून तेथे आहे आणि अवजड असल्याने मी ती कधी हलवली नाही. जयराजने ती बाजूला ओढून खालच्या पाच फरश्या धुतल्या होत्या. आज उजाडताना त्या प्रथमच नीट पाहिल्या. पाचही फरश्यांवरची अक्षरे कालच कोरल्यासारखी धारदार होती.

मी मनाशी युक्तिवाद केला. मांडणीखाली कोणाचे पाय पडत नाहीत, म्हणून ती अक्षरे टिकली. इतरत्र भाविकांच्या पायांनी झिजली. हे समाधानकारक वाटले. मग आठवले की कठड्याच्या पायथ्याशीही कोणी चालत नाही. तेथे केवळ मुलांचे पाय वरून लोंबकळत असतात. देवाकडे जाणारा मधून जातो. जिच्यावरून सारा गाव चालतो त्या मधल्या ओळीतील नावे अस्पष्ट आहेत, पण वाचता येतात. कठड्याखालच्या नऊ फरश्या कोऱ्या आहेत. आणि मुले गम टाकतात ती त्या नऊ फरश्यांवरच.

पाणी तर साऱ्यांवर एकच पडले.

मी गुडघे टेकून राहीबाईच्या फरशीला डोळा लावला. तिरप्या उन्हात तिच्यावर ओरखडे दिसले. एकमेकांना समांतर, दीड बोट रुंदीचे, शेकडो. मी पटाशी त्यांतल्या एकावर ठेवून पाहिली.

आज याहून अधिक लिहिणार नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

मौन हेही तप आहे. एखादी गोष्ट कोणास ठाऊक नसेल आणि ती सांगितल्याने मंदिराची अप्रतिष्ठा होणार असेल, तर ती न सांगणे हा विवेक होय. यास शास्त्राधार निघू शकेल. दुपारभर शोधला. सापडला नाही असे नव्हे, पण जो सापडला तो वकिलाने काढावा तसा वाटला.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी.

सौ. भरिताचे वांगे भाजत होती. मी पाटावर बसलो होतो. वांगे उलटता उलटता ती म्हणाली, "परवा शनिवारी तुम्ही प्रवचनाला गेलात तेव्हा जयराज आला होता. गुळाची ढेप ठेवून गेला."

"मला का सांगितले नाहीस?"

"त्याने सांगू नका म्हटलं म्हणून." तिने वांगे ताटलीत काढले. "त्याने मला मोबाइलवर फोटो दाखवले. धुण्याच्या आधीचे. त्या राहीबाईच्या फरशीवर तेव्हाही नाव नव्हतं. नुसते चरे होते. म्हणाला, काकू, गुरुजींना कळू देऊ नका. एवढ्या वर्सांची सेवा हाय, त्यांच्या जिवाला लागंल."

"आणि मंडळाला?"

"मंडळाला दाखवणार नाही म्हणाला. मी म्हटलं, अरे, तुझं मिरजेचं काम गेलं ना? तर म्हणतो, काम दुसरं मिळंल, काकू."

"तू चार दिवस गप्प राहिलीस?"

"तुम्ही किती दिवस गप्प राहताय ते पाहत होते," ती म्हणाली. "सोमवारपासून पटाशी ट्रंकेत आहे तुमची. मी दिसत नाही का घरात?"

जेवलो नाही. रोडगे तसेच राहिले.

मला पश्चात्ताप होत आहे असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. त्याने माझे श्रोते नेले, टाळ्या नेल्या, अंगण नेले, हे मी सोसले. परंतु क्षमा? ती मी पन्नास वर्षे सांगत आलो. तिची व्युत्पत्ती, तिचे प्रकार, तिची फळे मला मुखोद्गत आहेत. आणि पस्तीस गुणांचा हा मुलगा गुळाची ढेप घेऊन येतो आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या अनुपस्थितीत, मला क्षमा करून जातो! तेही कोणाला न सांगता! शिव्या खाऊन, काम गमावून, गुपचूप! असे करण्याची संधी मला आयुष्यात एकदाही आली नाही.

ते पुण्य मी त्याच्यापाशी राहू देणार नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी.

सकाळी नानासोंच्या घरी गेलो आणि उभ्यानेच सांगितले. नावे मी पुसली. पटाशीने. निवेदन खोटे होते. सोमवारपासून ते मला ठाऊक होते.

नानासो दाढी करीत होते. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून ते आरशातून माझ्याकडे पाहत राहिले.

"गुरुजी, बसा. च्या घ्या."

"चहा नको. ठराव फिरवा."

"आवं, पेठेत समद्यांना सांगून झालं. पत्रक काढलं. आता फिरवलं तर माझं हसं हुईल."

"माझे होईल. माझे नाव घाला."

"कोण म्हणालं तुमाला? कुणी बगितलं का?"

"नाही."

"मग कशापायी उकरताय, महाराज?" ते खरोखरच त्रासले होते. "कुणाला ठावं न्हाई, कुणाचं काय आडलं न्हाई…"

"जयराजचे अडले आहे."

त्यांनी तोंड धुतले. मग पुजाऱ्यांना बोलावणे धाडले. पत्र मीच सांगितले आणि त्यांनी लिहून घेतले. एक प्रत मिरजेस, रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना. एक फळ्यावर लावण्यासाठी. 'अजाणता' हा शब्द नानासोंनी घालायला लावला. तो मी पहिल्या वाक्यात राहू दिला, दुसऱ्यातून काढला.

निघताना त्यांनी विचारले, "खरं सांगा, का सांगितलंत?"

"सत्य म्हणून," मी म्हणालो. येथे मात्र लिहितो की ते पूर्ण सत्य नव्हते.

सायंकाळी प्रवचनास पाच जण आले. फळा सर्वांनी वाचलेला दिसला. मी निष्काम सेवा अर्ध्यावर सोडून दिली आणि नुसते नामस्मरण केले.

२९ नोव्हेंबर, शनिवार. मार्गशीर्ष शुद्ध नवमी.

काल जयराजचा निरोप आला होता. राहीबाईंना सांगायला तो स्वतः गाडी घेऊन जाईल, मी एवढा प्रवास करू नये. निरोप वाचताच मी एसटीचे वेळापत्रक काढले.

दहिवडीला उतरून तिच्या वाडीपर्यंत एका दुचाकीवाल्याने सोडले. उघडा माळ, बाभळी, वाघुरीचे जाळे लावलेला मेंढरांचा वाडा. तिचा मुलगा मुंबईला असतो. राहीबाई एका आजारी कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मी ओसरीवर बसून सांगितले. प्रवचनात वापरतो तसले शब्द एकदाही वापरले नाहीत, कारण तिने तसे होऊच दिले नाही.

"म्हंजी तुमीच खरडलं व्हय?"

"मीच."

"रोज?"

"रोज."

ती कोकराकडे पाहत राहिली. मला वाटले रडेल. तिने बाटली बाजूला ठेवली.

"आन् मी त्या फौजीच्या आयीपतुर गेले, तवा तुमी थितंच हुबं व्हता."

"होय."

"तोंडात काय बसलं व्हतं तुमच्या? म्या घातलेल्या शिव्या आता कोण माघारी घिणार? तुमी?"

"जी शिक्षा सांगाल ती…"

"शिक्षा मास्तर लोकं करत्यात. मला ते काय ठावं न्हाई." कोकरू शेजारणीच्या हवाली करून तिने लुगडे झटकले, डोईवर पदर घेतला. "उठा. त्येचं गाव दावा मला."

येताना एकाच बाकावर बसलो. पुसेगावपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पुसेगावला तिने पदराच्या गाठीतले शेंगदाणे काढले आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले.

कोरेगावला जयराजचे घर उसाच्या कडेला आहे. तो बंब उघडून आतली नळी साफ करीत होता. आम्हांला पाहून उठला, हात काळे असल्याने कोपराने नमस्कार केला.

"बाबा," राहीबाई म्हणाली, "म्या तुला आयबापावरनं बोलले. चुकले."

"मावशी, आवं, फौजेत ह्याच्या दुप्पट खाल्ल्यात," तो म्हणाला. "आमचा एक सुभेदार व्हता, त्येच्याफुडं तुमी म्हंजी भजन."

ती हसली. मी उभा होतो. मग तो माझ्याकडे वळून वाकू लागला. मी त्याचे खांदे धरले. त्याचा नमस्कार आज मला पेलला नसता.

"मला क्षमा मागायची आहे," मी म्हणालो.

"बसा की, गुरुजी, आदी पानी घ्या."

"नाही. मागू दे. ती तू आधीच करून गेलास, माझ्या घरी, मला न विचारता. तेवढे मला सहन होत नाही."

तो गोंधळला. त्याला खरोखर कळले नाही मी काय म्हणतो ते. आणि त्याला कळले नाही हे पाहून माझा मत्सर पुन्हा उफाळला, कारण त्याने जे केले ते करताना त्याने काहीच मोजले नव्हते.

चहा झाला. मिरजेहून त्याला फोन आला होता, पुढच्या सोमवारी बोलावले आहे. साताऱ्याचे काम उद्यापासून पुन्हा सुरू होईल. नऊ कोऱ्या फरश्यांवर नावे पुन्हा कोरण्यासाठी त्याने पाथरवट ठरवला आहे. नावे कोठून आणायची हा प्रश्न होता. मी नऊही नावे क्रमाने म्हणून दाखवली. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. क्षणभर मला फार बरे वाटले.

तेव्हा राहीबाई म्हणाली, "दगडावर येईल तवा येईल. फुडल्या साली वाचणार कोण?"

"मी आहेच," मी म्हणालो.

"तुमी न बगताच वाचता." ती शांतपणे म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक आत गेले. "आन् तुमचं वय झालं. ह्यो वाचंल. त्येला शिकवा."

जयराज म्हणाला, "मावशी, गुरुजी असताना म्या कसा…"

"शिकवा, गुरुजी," ती पुन्हा म्हणाली.

तिच्या अंगणात नव्हतो, माझ्या मंदिरात नव्हतो. उसाच्या कडेला, उघड्या बंबापाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या मला माझ्याजवळचे शेवटचे देऊन टाकायला सांगितले जात होते. नाही म्हणावेसे वाटले.

मग मी म्हणालो, "म्हण. कैलासवासी भागूजी मायाप्पा दडस."

तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला, शाळेत राहत असे तसा. पहिल्यांदा त्याने हजेरी घ्यावी तसे ठणकावून म्हटले. उसातले पक्षी उडाले. मी म्हणालो, "हुकूम सोडू नकोस. हाक मार." दुसऱ्यांदा तो इतका दबकत बोलला की राहीबाईने कान पुढे केला. "तिला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "आणि घाई करू नकोस. मायाप्पा झाले की थांब. त्या माणसाला वळून पाहू दे."

तिसऱ्यांदा त्याने आधी खाली पाहिले, जणू फरशी समोरच होती, आणि मग तो बोलला.

मी एकोणीस वर्षांत ते नाव तसे कधी वाचले नव्हते.

राहीबाईने डोळे मिटले.